बस्त्याव मास्तरांचं क्रियापद

बस्त्याव मास्तरांच्या पोटात दुखतं तेव्हा डॉक्टर माझी जीभ बघतात.

यात डॉक्टरांची चूक नाही. मास्तर दवाखान्यात जाताना मला बरोबर घेतात, पेशंटच्या खुर्चीत मला बसवतात आणि स्वतः छत्री धरून माझ्या पाठीमागे उभे राहतात. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" मास्तर छत्रीचं टोक माझ्या पाठीत हळूच टोचतात आणि पुटपुटतात, "ओरा प्रो मे, कंट्रोलरा." मग मी सांगायचं. पोटात दुखतं. कधीपासून? मी मागे वळून बघतो, तर मास्तर दोन बोटं वर करून उभे. दोन दिवस की दोन महिने, ते मी त्यांच्या तोंडावरून ओळखायचं. एकदा डॉक्टर नवीन होते. त्यांनी मलाच झोपवलं, माझं पोट दाबलं, आणि दाबल्यावर मी ओरडलो. बाहेर आल्यावर मास्तर काळजीने म्हणाले, "तुमच्यापण पोटात दुखता, ह्यां माका आजच कळला."

'ओरा प्रो मे' हे लॅटिन. माझ्यासाठी बोल, असा त्याचा अर्थ. मास्तर स्वतःसाठी कुणाकडे काही मागत नाहीत. मासळीबाजारात ते बांगड्यांकडे बघतात, बांगडे त्यांच्याकडे बघतात, भाव कोणीच विचारत नाही. मासेवाली वैतागून म्हणते, "काय व्हया ता सांगा, नायतर बाजूक व्हवा." की टोचली छत्री माझ्या पाठीत. वीज ऑफिसात तेच, पोस्टात तेच. माझ्या प्रत्येक सदऱ्याला पाठीवर त्याच जागी भोक आहे. बायको रफू करताना काय बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी एसटीत कंट्रोलर होतो. मालवण स्टँडावर माईकसमोर बसून गाड्या पुकारण्यात हयात गेली. वाडीत मला सगळे कंट्रोलरच म्हणतात. खरं नाव बहुतेक फक्त बायकोला आठवत असेल, आणि ती ते घेत नाही. निवृत्त झालो तेव्हा ठरवलं होतं, आता तोंड बंद. लोकांसाठी बोलून बोलून घसा गेला, आणि लोकांनी काय दिलं, तर "गाडी खंय मेली?" एवढंच. घरी येऊन पडवीत खुर्ची टाकली आणि शेजारी बघतो तर मास्तर. नशीब म्हणतात ते हे.

लहानपणी मास्तरांना पाद्री व्हायला गोव्याला धाडलं होतं. तिथे ते लॅटिन शिकले. पुढे बापूस वारला, घरचं बघायला कोणी नाही, म्हणून परत आले आणि शाळेत मास्तर झाले. शिकवायचे मराठी. वर्गात आवाज असा की बाहेर रस्त्यावर माणूस थबकायचा. आणि तेच मास्तर शाळा सुटल्यावर हेडमास्तरांकडे अर्धी रजा मागायला बायकोला पाठवायचे.

बायको फिलूबाय. खरं नाव फिलोमेना. 'ओरा प्रो मे' हे मुळात तिच्यासाठी होतं. मास्तर म्हणायचे, "ओरा प्रो मे, फिलू," आणि फिलूबाय पदर खोचून पुढे व्हायची. रेशन, गवंडी, भाटातले नारळ उतरवणारा गडी, मुलाच्या कॉलेजची ॲडमिशन, सगळीकडे तीच बोलायची. वर आम्हाला सांगायची, "पाद्री होवक गेल्लो, तोंड थंयच ठेवन इलो." मास्तर हसायचे. तिने अशी चेष्टा केली की त्यांचा चेहरा खुलायचा, हे मी कुंपणावरून अनेकदा बघितलंय.

ती गेली त्या वर्षी मास्तर बरेच दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग एका सकाळी छत्री घेऊन माझ्या पायरीशी येऊन उभे राहिले. गॅसचा सिलिंडर संपून आठवडा झाला होता आणि माणूस पेज चुलीवर शिजवत होता. म्हणाले, "कंट्रोलरा, ओरा प्रो मे." त्या दिवसापासून ही नेमणूक माझ्याकडे आली. पगार नाही, पेन्शन नाही, बदली तर नाहीच नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे लादीन.

मास्तरांच्या घरासमोर, पाणंद जिथे वळते तिथे, एक खुरीस आहे. चुन्याने रंगवलेला, कमरेएवढ्या चौथऱ्यावरचा क्रूस. दर मे महिन्यात एका संध्याकाळी तिथे मेणबत्त्या लावून लादीन म्हणतात. जुनं आहे, आणि सगळं लॅटिनमध्ये. पुढे उभा असलेला माणूस एकेक नाव गातो. सांता मारिया. स्तेला मातुतीना, म्हणजे पहाटेची चांदणी. अशी मरियेची कितीतरी नावं. आणि प्रत्येक नावाला जमलेले लोक जबाब देतात, "ओरा प्रो नोबिस." आमच्यासाठी बोल. मग उकडलेले चणे, खोबऱ्याचे तुकडे, आणि मोठ्या माणसांना घोटभर काहीतरी. त्या घोटासाठी पूर्वी आमची हिंदू मंडळीही, लादीन संपता संपता, वेळेवर हजर असायची, खोटं कशाला बोलू.

पुढे उभं राहून नावं गायचा मान मास्तरांचा. जबाबात सगळ्यात वरचा आवाज फिलूबायचा.

मास्तरांचा एकच हट्ट, पण त्यांनी माझं डोकं खाल्लं त्या हट्टाने. ते म्हणायचे, "कंट्रोलरा, माझ्याकडे नुसती नावां. क्रियापद तुमच्याकडे आसा. तुम्ही नाय बोललास तर माझ्या नावांचा काय करूचा?" मी म्हटलं, मग तुम्हीच म्हणा की दोन्ही. नाव पण तुमचं, जबाब पण तुमचा, लवकर आटपेल. मास्तर माझ्याकडे असे बघत राहिले की मी जणू सिंधुदुर्ग किल्ला भंगारात काढायला सांगितला. "नोबिस म्हणजे आमी. एकट्या माणसाक आमी म्हणूक येणा नाय," असं म्हणून ते घरात निघून गेले.

वाडीत पूर्वी ख्रिस्ती घरं बरीच होती. एकेक जण मुंबईला गेला, गोव्याला गेला, आखातात गेला, आणि दाराला कुलूप लागलं. मे महिन्यात येणारेही मग येईनासे झाले. एके वर्षी लादीनीला मास्तर, फिलूबाय आणि दोन म्हाताऱ्या, त्यातली एक बहिरी. फिलूबाय माझ्याकडे आली. म्हणाली, "कंट्रोलरा, माणसां व्हयी. तुमची बोलवन आणा." तिला नाही कोण म्हणणार? मी बायकोला घेतलं, दत्तू मेस्त्रीला घेतलं, दत्तूने आणखी चार जण आणले. जमलो सगळे आंघोळ करून, हात जोडून. मास्तरांनी डोळे मिटले आणि पहिलं नाव गायलं, "सांता मारिया."

आणि दत्तू मेस्त्री खणखणीत ओरडला, "व्हय म्हाराजा!"

त्याच्या पाठोपाठ आम्ही सगळे. करणार काय? आमच्या देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक माणूस उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने देवाला सांगतो आणि प्रत्येक वाक्याला लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. पाळण्यात असल्यापासूनची सवय. पुढे उभा माणूस हात जोडून लांब सुरात काही म्हणाला आणि थांबला, की आमचं तोंड आपोआप उघडतं. मास्तरांनी डोळे उघडले. पहिल्यापासून सुरुवात केली. आम्ही चार नावं नीट सांभाळली. पाचव्याला पुन्हा दत्तू. पुन्हा पहिल्यापासून. चणे थंड झाले, मेणबत्त्या विझत आल्या, बहिरी म्हातारी तेवढी कसलाच अडथळा न येता आपल्या गतीने जबाब देत राहिली. फिलूबाय क्रूसामागे जाऊन तोंडात पदर कोंबून हसत होती.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या पडवीत शाळा भरली. मास्तरांनी खडूने जमिनीवर लिहिलं, 'ओरारे'. म्हणाले, "ह्याचो अर्थ नुसती प्रार्थना न्हय. जुन्या रोमात कोर्टात दुसऱ्यासाठी उभो रवान बोलणारो माणूस, तेचा काम म्हणजे ओरारे. आमका थंय बोलूक जमणा नाय, तेना देवाक आमची बाजू कळणा नाय. म्हणान आमी तिका सांगतो, आवशी, तू आमच्यासाठी उभी रव आणि बोल."

दत्तू म्हणाला, "म्हणजे गाऱ्हाणाच ना, मास्तरानू?"

"गाऱ्हाणा न्हय."

"मग काय वेगळा?"

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. "व्हय म्हाराजा म्हटल्यार तुम्ही नुसती मान हलवतास," ते म्हणाले. "ओरा म्हटल्यार मागूचा लागता. मागणा कठीण."

हे सांगणारा माणूस कोण, तर ज्याने आयुष्यात बांगडे मागितले नाहीत. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही.

दत्तूला क्रियापद शेवटपर्यंत जमलं नाही. त्याला आम्ही नुसते ओठ हलवायला सांगितलं. मला मात्र जमलं, आणि माझ्या आवाजाचा काय तो थाट! 'ओरा प्रो नोबिस' मी असं म्हणायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलीय. मास्तर खूश होते. असं सात-आठ वर्षं चाललं. ती वर्षं बरी होती, पण बरी असताना ते कळत नाही.

मग आधी बहिरी म्हातारी गेली. मग दुसरी. मग फिलूबाय. मग दत्तू मेस्त्री, ओठ हलवणारा. दत्तूने आणलेले चौघे मुलांकडे कुडाळला नाहीतर पुण्याला. चर्चचे तरुण पाद्री स्वभावाने चांगले. ते म्हणाले, "मास्तर, आता आम्ही कोकणीत करतो, शहरात या, माणसं असतात." मास्तर एकदा गेले आणि तोंड मिटून परत आले. गेल्या वर्षी कोणीतरी मोबाईलवर लादीन घालून दिली, जबाबासकट, आणि एक छोटा स्पीकर. मास्तरांनी नाव घेतलं की स्पीकरने जबाब द्यायचा अशी कल्पना. मास्तर गातात सावकाश. स्पीकर पुढे पळाला. मास्तर तिसऱ्या नावावर, स्पीकरमधले लोक आटपून घरी गेलेले. मग त्यातून गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात सुरू झाली. मास्तरांनी स्पीकर उचलला, चौथऱ्याच्या मागे ठेवला आणि म्हणाले, "कंट्रोलरा, तुम्हीच म्हणा." मी आणि सुमती, दोघांनी म्हटलं. सुमती म्हणजे माझी बायको. दोघंच.

यंदा एप्रिलमध्ये मास्तर पायरीशी येऊन उभे राहिले. छत्री होती, पण टोचली नाही. हातातला मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर नाव, आग्नेल.

आग्नेल हा त्यांचा एकुलता एक. मस्कतला असतो. दर रविवारी फोन करतो. तो विचारतो, "पप्पा, बरे आसात?" मास्तर म्हणतात, "बरो आसंय." तो विचारतो, "काय व्हया?" मास्तर म्हणतात, "काय नको." संपला फोन. आम्हाला पडवीत सगळं ऐकू येतं.

"ओरा प्रो मे," मास्तर म्हणाले. काय बोलायचं ते सांगितलं नाही. पण मे महिना तोंडावर आला होता, मला कळलं.

मी फोन लावला. मास्तर पाठीमागे उभे. म्हटलं, "आग्नेल, मी कंट्रोलर काका बोलतंय. यंदा लादीनीक तू ये. माणूस नाय रे हंय. तुझो बापूस एकटो नावां घेता." पुढेही बरंच बोललो. त्याच्या आवशीचं बोललो. स्टँडावर कधी बोललो नसेन इतक्या कळकळीने बोललो.

आग्नेल वाईट मुलगा नाही. त्याचाही आवाज जड झाला. म्हणाला, "काका, यंदा रजा नाय गावत. मी पप्पांक किती वेळा सांगलंय, हंय येवन रवा. थंय आता काय रवलासा? घराक कुलूप घाला आणि येवा." मग म्हणाला, "तेनी कधी माका ये म्हणान सांगूक नाय, काका. एकदाय नाय. तेंका व्हया तर तेनी सांगूचा."

मी फोन मास्तरांपुढे धरला. बोला, मी खुणेने म्हटलं. एकदाच बोला. मास्तरांनी फोन कानाला लावला. ओठ हलले, दत्तू मेस्त्रीचे हलायचे तसे. मग म्हणाले, "बरो आसंय. तुझा काम बघ." आणि फोन ठेवला.

मला असा संताप आला की हातातला चहा मी अंगणात ओतला. "मास्तरानू, येवढी लॅटिन शिकलास, पोराक 'ये' म्हणूक येणा नाय?"

"तुम्ही चांगला बोललास," मास्तर म्हणाले. "माझ्यापरीस चांगला बोललास." आणि गेले.

लादीनीच्या दिवशी सुमतीचा गुडघा सुजला. कुडाळच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं. मास्तरांना सांगून गेलो, संध्याकाळच्या आत परत येतो. दवाखान्यात ही रांग. बाहेर पडून स्टँडावर धावत पोचतो तर आमची गाडी सुटलेली, अगदी वेळेवर. तिथल्या कंट्रोलरकडे मी तक्रार करायला गेलो आणि तोंड उघडल्यावर कळलं की गाडी वेळेवर सुटली ही तक्रार होत नाही. पुढच्या गाडीने आलो. फाट्यावर उतरलो तेव्हा सूर्य समुद्रात गेला होता. सुमती लंगडत, मी तिला धरून, असे पाणंदीने चाललो.

वळणाच्या अलीकडेच आवाज ऐकू आला.

"सांता मारिया."

मग काहीच नाही. जबाबाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ नुसती शांतता. मग पुढचं नाव. मग पुन्हा तेवढीच रिकामी जागा. मास्तर कुणाची वाट बघत थांबत नव्हते, ते नेहमीसारखे गात होते. क्रियापदाची जागा सोडत होते एवढंच. सुमतीने माझा हात घट्ट धरला. मी ह्या वाडीत जन्मलो, इथे मयतं बघितली, वादळं बघितली. पण असं एकटं काही मी ऐकलं नव्हतं.

वळलो. खुरसाला नवा चुना, अबोलीची माळ, मेणबत्त्या. मास्तर कोटात. चौथऱ्यावर चण्यांचा मोठा टोप, अख्ख्या वाडीला पुरेल एवढा, कारण त्यांना फिलूबायचं तेवढंच माप माहीत. आणि समोर खालच्या होमस्टेमध्ये उतरलेलं एक जोडपं, हातात मोबाईल, व्हिडिओ काढत उभं.

मास्तर म्हणाले, "स्तेला मातुतीना."

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं घोटलेलं क्रियापद, पण श्वास लागला होता, आणि तोंडातून निघालं ते निराळंच. स्टँडावरच्या आवाजात, सगळ्या पाणंदीत घुमेल असं.

"व्हय म्हाराजा!"

जीभ चावली मी. आता पुन्हा पहिल्यापासून, मनात म्हटलं. मास्तरांची पाठ क्षणभर ताठ झाली. पण ते वळले नाहीत. पुढचं नाव घेतलं. आणि सुमती, जिला क्रियापद माझ्यापेक्षा चांगलं येतं, ती माझ्याबरोबर म्हणाली, "व्हय म्हाराजा." मग तसंच. एका नावालाही मास्तर अडले नाहीत. शेवटपर्यंत आम्ही दोघं मान हलवत राहिलो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायलाही मी हात सोडले नाहीत.

नावं संपली. कुठलं नाव शेवटचं ते आता मलाही पाठ आहे. त्यानंतर मास्तरांनी कपाळाला, छातीला हात लावून क्रूस करायचा असतो. त्यांनी केला नाही. एक नाव आणखी घेतलं, त्याच सुरात.

"फिलोमेना."

 ह्या नावाला काय म्हणायचं ते आम्हाला कुठे ठाऊक होतं? मास्तर थांबले, जबाबापुरते थांबले. मग ज्या माणसाने आयुष्यभर लादीनीत क्रियापद स्वतःच्या तोंडात घेतलं नाही, तो खाली वाकून, अगदी हळू, चौथऱ्याशी बोलल्यासारखा म्हणाला, "ओरा प्रो मे."

होमस्टेवाल्या जोडप्याने टाळ्या वाजवल्या. मुलगी म्हणाली, "काका, किती सुंदर. व्हिडिओ पाठवू का तुम्हाला?" मास्तरांनी त्यांना द्रोणात चणे दिले, खोबरं दिलं. उरलेला टोप आमच्यापुढे सरकवला. "घेवन जावा. फिलून जास्त घातल्यान," म्हणाले.

सुमती म्हणाली, "मास्तरानू, चुकलाव आमी."

"चुकलास," मास्तर मेणबत्त्या विझवत म्हणाले. मास्तर ते मास्तरच. "तो अर्थ न्हय." मग कोटाला बोटं पुसत म्हणाले, "पण जबाब तरी इलो."

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी पडवीत बसून घोकतो, ओरा प्रो नोबिस, ओरा प्रो नोबिस. पुढच्या मे महिन्यात चूक व्हायला नको. मास्तर असले तर, मी असलो तर, सुमतीचा गुडघा असला तर. बाकी कोणी यायचं नाही हे आता मला पक्कं कळलंय. सगळी नावं आणि त्यांचा जबाब मला येतो. त्या शेवटच्या नावाला आम्ही काय म्हणायचं, एवढंच मास्तरांनी शिकवलेलं नाही. सुमती म्हणते, विचारा त्यांना. मी कुंपणापर्यंत जातो, मास्तर छत्री घेऊन बाहेर येतात, आणि मी विचारतो, "बाजारात जायचं का?"